पावसाची वही, मोडीचा रुमाल : सरकारी खात्यांच्या ग्रंथालयांविषयी वाचकांचे प्रश्न

सरकारी कार्यालयांच्या आवारात असलेली ग्रंथालये आणि दप्तरखाने वाचकांना कितपत उपयोगी पडतात, असा प्रश्न विचारणारी बरीच पत्रे या महिन्यात आली. त्यांपैकी चार पत्रे नावे गाळून येथे घेतली आहेत. एका सरकारी कार्यालयाचे ग्रंथालय मी अनेक वर्षे सांभाळले असल्यामुळे उत्तरे थोडी लांबली आहेत, पण पत्रलेखकांना नेमका रस्ता दिसावा अशी इच्छा आहे.

प्रश्न : आमचे मूळ गाव भोर तालुक्यात आहे. माझ्या वडिलांनी १९३८ ते १९७३ या काळात पावसाची एक वही ठेवली होती. तिच्यात आकडे नाहीत. ‘मृग कोरडा गेला’, ‘आर्द्रा लागताच ओढ्याला पाणी’, ‘दुबार पेरणी केली’ अशा नोंदी आहेत. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात पावसाची जुनी पुस्तके आहेत असे ऐकते. वडिलांच्या नोंदी तेथील आकड्यांशी पडताळून पाहता येतील का? आमच्या गावाचा पाऊस तेथे मिळेल का? (निवृत्त शिक्षिका, कोथरूड)

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि पहिल्याचे ‘होय’. ‘आमच्या गावाचा पाऊस आहे का’ असे विचारत आपण तेथे गेलात, तर नकार घेऊन परत याल, आणि तो नकार देणाऱ्याचे काही चुकलेले नसेल.

सिमला ऑफिस हे नाव पुणेकरांच्या तोंडी इतके रुळले आहे की ते कोठून आले हे सहसा कोणी विचारत नाही. १८६४ साली कलकत्त्यावर आलेले चक्रीवादळ आणि त्यानंतर दोनच वर्षांनी ओरिसात पडलेला दुष्काळ यांमुळे हवामानाच्या नोंदी एका छत्राखाली आणण्याची निकड सरकारला भासली, आणि १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. त्याचे मुख्यालय कलकत्त्याहून १९०५ मध्ये सिमल्याला आणि १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. सिमल्याहून आलेले ऑफिस म्हणून ते सिमला ऑफिस झाले. १९४४ साली मुख्यालय दिल्लीला गेले, तरी जुन्या नोंदी सांभाळण्याचे आणि हवामानाच्या अभ्यासाचे मोठे काम पुण्यातच राहिले. राष्ट्रीय हवामान नोंदींचे केंद्रही येथेच आहे.

या सगळ्याचा आपल्या शोधाशी संबंध असा की, हे ग्रंथालय वाचकांसाठी म्हणून सुरू झाले नाही. उद्याचा पाऊस सांगणाऱ्या माणसाला मागची पन्नास-शंभर वर्षे चाळता यावीत, म्हणून ते वाढत गेले. शहरातल्या वाचनालयात विषयाचे कपाट असते. खात्याच्या ग्रंथालयात त्या खात्याच्या कामाचे कपाट असते. दशांश वर्गीकरणात हवामानशास्त्राला ५५१.५ हा आकडा आहे आणि छापील ग्रंथ त्या आकड्याखाली सापडतातही. पण आपल्याला हवे आहेत ते ग्रंथ नव्हेत, तर खात्याने काम करताना छापलेले खंड : १८७८ पासून निघत आलेले दैनिक हवामान अहवाल, देशभरच्या दैनिक पावसाचे वार्षिक खंड, आणि खात्याची संस्मरणिका म्हणता येईल अशी निबंधांची माला. हे खंड गावाप्रमाणे लावलेले नसतात. ते वर्षाप्रमाणे, त्यात प्रांताप्रमाणे, त्यात जिल्ह्याप्रमाणे आणि शेवटी पर्जन्यमापक जेथे बसवला आहे त्या ठाण्याप्रमाणे लागतात. म्हणून मागणी करताना गावाऐवजी ठाणे, वर्ष आणि महिना सांगावा. आपल्या बाबतीत ठाणे म्हणजे भोर, कारण महसूल खात्याचा पर्जन्यमापक सामान्यतः तालुक्याच्या ठिकाणी असतो.

येथे आपल्याला एक खास अडचण येणार आहे. भोर हे १९४८ पर्यंत पंत सचिवांचे संस्थान होते. विलीनीकरणापूर्वीची वर्षे ब्रिटिश मुलखातील पुणे जिल्ह्याच्या तक्त्यात शोधली, तर पुरंदर, हवेली, मावळ दिसतील आणि भोर दिसणार नाही. अशा वेळी नोंद हरवली असे समजू नये. संस्थानांचे तक्ते वेगळे पाहावे आणि संस्थानाचे स्वतःचे वार्षिक कारभाराचे अहवालही विचारावे. आपल्या वहीची पहिली दहा वर्षे म्हणजे एका राजवटीची आणि उरलेली दुसऱ्या राजवटीची आहेत, हे शोधाला निघण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवावे.

आता वडिलांच्या नोंदी. त्या आकड्यांत नाहीत याचे वाईट वाटून घेऊ नका. त्या तारखांत मात्र आहेत, कारण नक्षत्रे सूर्याच्या गतीने चालतात आणि दर वर्षी जवळजवळ त्याच तारखांना लागतात. मृग ७ किंवा ८ जूनला लागते, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, पुष्य १९-२० जुलैला, आश्लेषा २-३ ऑगस्टला आणि मघा १६-१७ ऑगस्टला. हवामान खात्याचे कृषिविषयक काम आठवड्यांच्या हिशेबाने चालते. १ जानेवारीपासून मोजलेले ५२ प्रमाण आठवडे असतात आणि त्यांतला २३वा आठवडा ४ ते १० जूनचा असतो. म्हणजे मृग २३व्या आठवड्यात लागते आणि २५व्यात संपते. वहीच्या प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलीने आठवड्याचा आकडा मांडलात, की ‘मृग कोरडा’ हे शब्द आणि खंडातील तीन आठवड्यांचे आकडे समोरासमोर ठेवता येतील. ही कृषी हवामानशास्त्राची शाखाही पुण्यातच, १९३२ साली, डॉ. एल. ए. रामदास यांच्या पुढाकाराने सुरू झाली. शेतकऱ्याची भाषा आणि वेधशाळेची भाषा जोडण्याचे जे काम तेव्हा आरंभले गेले, तेच आपण आपल्या घरच्या वहीपुरते करणार आहात.

जुन्या खंडात पाऊस मिलिमीटरमध्ये नसेल. तो इंच आणि सेंट यांत असतो, आणि एका इंचाचे शंभर सेंट. एखाद्या दिवसापुढे ३·४२ असे दिसले तर ते तीन इंच बेचाळीस सेंट. त्याला २५·४ ने गुणले की ८६·९ मिलिमीटर होतात. दशमान पद्धत आल्यानंतरचे आकडे मिलिमीटरमध्ये सापडतील, आणि नेमके बदलाच्या वर्षांत वाचणाऱ्याची फसगत होते. अचानक पाऊस पंचवीस पटींनी वाढला असे दिसले, तर आधी रकान्याच्या डोक्यावरचे एकक वाचावे.

दुसरी फसगत दिवसाची असते. हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. सकाळी साडेआठला मापकातले पाणी मोजतात आणि आधीच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहितात. म्हणून वडिलांनी ‘काल रात्री मुसळधार’ असे ज्या दिवशी लिहिले, त्याच तारखेला तो पाऊस खंडात दिसेल. पण त्यांनी दुपारी पडलेल्या पावसाची नोंद त्याच संध्याकाळी केली असेल, तर खंडात तो दुसऱ्या दिवसापुढे आढळेल. फार जुन्या खंडात मोजणीची वेळ वेगळी असू शकते, तीही पानाच्या डोक्यावर पाहावी. एका दिवशी २·५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच खाते तो ‘पावसाचा दिवस’ धरते, आणि शेतकरी तसे धरत नाही. भुरभुर पावसानेही वैरण भिजते, आणि ते त्याच्या वहीत येते.

यानंतरही दोन्ही नोंदी जुळल्या नाहीत, तर वही खोटी ठरवू नका. पुणे जिल्ह्यातच लोणावळ्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि इंदापूर-बारामतीकडे पाचशेच्या आसपास. भोर तालुक्यातही घाटमाथ्याचा पाऊस आणि पूर्वेकडचा पाऊस यांत मोठे अंतर आहे. मापक जेथे उभा आहे, तेथला पाऊस तो सांगतो. पंचवीस वर्षांखालच्या अभ्यासकांना मी हे सांगते तेव्हा ते संगणकावरच्या चौकोनी जाळीकडे बोट दाखवतात. हवामान खात्याने १९०१ पासूनचा दैनिक पाऊस पाव अंशाच्या चौकोनांत बसवून पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर खुला केला आहे, आणि ते काम खरोखर मोलाचे आहे. पण पाव अंशाचा एक चौकोन म्हणजे सुमारे २७ किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद प्रदेश, आणि त्यात घाट, खोरे आणि माळ एकत्र येतात. आपल्या वडिलांची वही एका ओढ्याची आहे. ती चौकोनात मावत नाही, म्हणूनच ती ठेवायला हवी.

प्रश्न : मी पदव्युत्तर विद्यार्थी आहे. एका सरकारी कार्यालयाच्या ग्रंथालयात गेलो असता ‘हे फक्त कर्मचाऱ्यांसाठी आहे’ असे सांगून मला दारावरूनच परत पाठवले. अशी ग्रंथालये खरोखर सर्वांना खुली असतात का? (औंध)

उत्तर : काही असतात, काही अंशतः असतात, आणि काही खरोखरच नसतात. कोणते कोणत्या प्रकारचे आहे हे दारावर जाऊन कळण्याऐवजी घरी बसून कळण्याची सोय कायद्याने केलेली आहे. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ खाली प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी न मागता ज्या १७ बाबी प्रसिद्ध करायच्या असतात, त्यांतली पंधरावी बाब नागरिकांना माहिती मिळवण्यासाठी असलेल्या सुविधांची आहे, आणि लोकांसाठी ग्रंथालय किंवा वाचनकक्ष चालवला जात असेल तर त्याच्या वेळाही तीत द्यायच्या असतात. कार्यालयाच्या संकेतस्थळावर ही १७ बाबींची माहिती काढून पंधराव्या बाबीपुढे काय लिहिले आहे ते वाचावे. तेथे वेळ दिलेली असेल, तर ती छापून बरोबर न्यावी. लोकांसाठी वाचनकक्ष नाही असे लिहिले असेल, तर पूर्वपरवानगीचा रस्ता उरतो आणि तो बहुतेक ठिकाणी मोकळा असतो.

परवानगीचे पत्र कसे लिहितात, यावर बरेच अवलंबून असते. ‘मला संशोधनासाठी ग्रंथालय पाहावयाचे आहे’ अशा पत्रावर अधिकारी काय शेरा मारणार? ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहते. त्याऐवजी ‘अमुक मालेचे १९२१ ते १९३० चे खंड पाहावयाचे आहेत, दोन दिवस लागतील, छायाचित्रे घ्यावयाची असल्यास स्वतंत्र परवानगी घेईन, विभागप्रमुखांचे पत्र आणि ओळखपत्राची प्रत सोबत जोडली आहे’ असे लिहावे. ते पत्र ग्रंथपालाकडे आले की तो कपाटाकडे जाऊ शकतो. मी नोकरीत असताना पहिल्या प्रकारच्या पत्रांवर ‘माहितीस्तव’ एवढेच लिहून परत आलेले पाहिले आहे आणि दुसऱ्या प्रकारच्या पत्रांवर त्याच दुपारी कपाटाची किल्ली हलली आहे. पत्र आवक-जावक विभागात द्यावे आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

आणखी एक. ग्रंथालय, अभिलेख कक्ष आणि आकडेवारी पुरवणारा विभाग या एकाच इमारतीत असलेल्या तीन निरनिराळ्या गोष्टी असतात आणि तिघांचे नियम वेगळे असतात. छापील खंड ग्रंथालयात वाचता येतो. फायली अभिलेख कक्षात असतात. आणि न्यायालयात किंवा विम्याच्या दाव्यात दाखवण्यासाठी प्रमाणित आकडे हवे असतील, तर ते विहित अर्ज करून आणि लागू असलेले शुल्क भरून घ्यावे लागतात. आपल्याला ज्या दारावरून परत पाठवले, ते या तिघांपैकी भलतेच दार असण्याची शक्यता आहे.

प्रश्न : आमच्या घराण्याला पेशवाईत एक लहानसे इनाम होते, असे आजोबा सांगत. त्याचा कागद पेशवे दप्तरात मिळेल का? मला मोडी येत नाही. (नारायण पेठ)

उत्तर : कौन्सिल हॉलजवळच्या पुणे पुरालेखागारात, म्हणजे आपण ज्याला पेशवे दप्तर म्हणतो तेथे, इनामाचे कागद मिळण्याची शक्यता इतर कोणत्याही कागदांपेक्षा जास्त आहे. कारण ते कागद आज तेथे आहेत, ते मुळात इनामांमुळेच. १८१८ नंतर इंग्रजांनी दप्तरखाना ताब्यात घेतला, तो इतिहासप्रेमाने नव्हे. कोणती जमीन सरकारची, कोणती इनामदाराची आणि कोणाची सनद खरी, हे ठरवण्यासाठी त्यांना जुने हिशेब हवे होते. पुढे इनाम कमिशन बसले, १८५२ चा कायदा झाला, आणि दावे तपासण्यासाठी रुमालच्या रुमाल सोडले गेले, लावले गेले आणि पुन्हा बांधले गेले. आजची मांडणी त्या तपासणीचा ठसा घेऊन उभी आहे. म्हणून येथेही पहिल्या पत्राला दिलेलेच उत्तर लागू पडते : आडनाव सांगून कागद मागू नये. गाव, तर्फ, परगणा आणि शक्य असेल तर वर्ष सांगावे. दप्तर घराण्यांचे नाही, महसुलाचे आहे.

रुमाल म्हणजे ज्या चौकोनी कापडात कागद बांधतात ते कापड, आणि त्यावरून त्या गठ्ठ्यालाही रुमाल म्हणतात. त्यांत रोजकीर्दी आहेत, म्हणजे दररोजच्या हुकुमांच्या आणि जमाखर्चाच्या नोंदी. घडण्या आहेत, म्हणजे त्याच नोंदी बाबवार वेगळ्या काढून लावलेल्या. प्रांत अजमास आहेत, म्हणजे प्रांतवार जमाखर्चाचे अंदाज. इनाम शोधणाऱ्याने सुरुवातीलाच रोजकीर्दीत शिरू नये, त्यात वर्षे जातील.

त्याआधी छापून निघालेले पाहावे. न्यायमूर्ती रानडे यांनी या रोजकीर्दींचे महत्त्व ओळखून १९०० साली त्यांच्यावर निबंध वाचला. गणेश चिमणाजी वाड यांनी काढलेले रोजकीर्दीतील निवडक उतारे पुढे खंडवार छापले गेले. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांनी संपादलेले पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड सरकारने प्रसिद्ध केले. हे सारे बाळबोध लिपीत आहे. आपले गाव त्यात निघाले, तर निम्मे काम झाले. नाही निघाले, तरी त्या काळची भाषा कानावरून जाते आणि नंतर मोडी वाचताना शब्द ओळखीचे वाटतात. मोडी शिकण्यासाठी पुराभिलेख खात्याचे अल्पमुदतीचे वर्ग होतात. दोन आठवड्यांत अक्षरे येतात, कागद वाचायला सहा महिन्यांचा सराव लागतो, आणि हे दोन्ही काळ वेगळे आहेत हे आधीच मान्य केले की निराशा होत नाही.

मोडीपेक्षा वर्षाने अधिक जण अडतात, म्हणून एक उदाहरण देते. कागदाच्या डोक्यावर ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले असते. हे अरबी संख्याशब्द आहेत आणि ते उलटे, म्हणजे एककापासून वाचायचे. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. बेरीज ११६१. हा सुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की १७६० येते. पण हा सन जानेवारीत बदलत नाही. तो मृग लागताना बदलतो, म्हणूनच त्याला मृगसाल असेही नाव आहे. तेव्हा मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, आणि ती याच इहिदे सितैन सालात येते. ज्यांनी हे ध्यानात घेतले नाही, त्यांच्या वंशावळीत एक वर्षाच्या चुका पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या मी पाहिल्या आहेत. भोरच्या बाईंच्या वडिलांची वही आणि पेशव्यांची रोजकीर्द या दोन्हींचे वर्ष मृगावर उघडते, ही गोष्ट मला हे उत्तर लिहिताना प्रथमच जाणवली.

प्रश्न : मी एका राज्य शासकीय कार्यालयात काम करतो. आमच्याकडचे जुने छापील अहवाल जागेअभावी निर्लेखित करण्याचा प्रस्ताव आहे. बहुतेक अहवाल आता संकेतस्थळांवर मिळतात, असे वरिष्ठांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का, आणि माझ्या हातात काय आहे? (पुणे)

उत्तर : आपण हा प्रश्न प्रस्ताव मंजूर होण्यापूर्वी विचारलात, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाने (त्याचे नाव येथे नको) आपल्या ग्रंथालयातील जुने अहवाल किलोवर विकले. मला कळले तेव्हा गाडी निघून गेली होती. आवारात चिखलात पडलेले एक पान मी उचलले. ते एका तालुक्याच्या विहिरींचे परिशिष्ट होते : गावाचे नाव, पक्क्या विहिरी, कच्च्या विहिरी, नांगर, बैल, गाड्या. पुढचे-मागचे काहीच नव्हते. त्या एका पानावरून ते कोणत्या वर्षाचे हेही ठरवता आले नाही. ते मी अजून ठेवले आहे.

मुंबई सरकारच्या दप्तरांतील निवडक कागदांची जी माला छापली जात असे, तिच्यात तालुकावार पाहणीचे आणि जमाबंदीचे असे अहवाल आहेत. या पाहणीची सुरुवात १८३६ साली आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात झाली. गावागावाची शेती, पाणी आणि जनावरे यांची त्या काळची इतकी बारीक नोंद दुसरीकडे क्वचित सापडते. १८८५ साली निघालेले पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरचे तीन भाग अनेकांना ठाऊक आहेत आणि ते संकेतस्थळावरही आहेत. पण गॅझेटिअर म्हणजे अशा अहवालांचे सार आहे, आणि सार संगणकावर आहे म्हणून मूळ रद्दीत घालता येत नाही.

‘संकेतस्थळावर मिळतात’ या विधानाची तपासणी आपण स्वतः करावी, ती सोपी आहे. अहवालात घडी घातलेला नकाशा किंवा लांब तक्ता असेल, तर संकेतस्थळावरच्या प्रतीत तेच पान उघडावे. पुष्कळदा घडी न उलगडताच छायाचित्र घेतलेले असते आणि नकाशाच्या जागी कागदाची पाठ दिसते. बांधणीकडच्या समासातले आकडे कापले गेले आहेत का, तेही पाहावे. पावसाच्या आणि जमाबंदीच्या तक्त्यांत पहिला रकाना, म्हणजे गावाचे नाव, नेमका शिवणीत जातो. आणि हाताने केलेल्या दुरुस्त्या तर आपल्याच प्रतीत असतील. छापून आल्यावर कोणी कारकुनाने लाल शाईने आकडा सुधारला असेल, तर ती सुधारणा जगातल्या दुसऱ्या कोणत्याही प्रतीत नाही.

हे सांगताना नव्या साधनांना मी कमी लेखत नाही. हवामान खात्याचे त्रैमासिक १९५० साली इंग्रजी नावाने सुरू झाले, १९७९ पासून ते ‘मौसम’ झाले, आणि आज त्याचे जुने अंक कोणालाही घरबसल्या वाचता येतात. सर गिल्बर्ट वॉकर यांनी प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाच्या ज्या झोक्याला ‘दक्षिणी आंदोलन’ हे नाव दिले, ज्याच्याशिवाय आज मान्सूनचा अंदाज कोणी मांडत नाही, तो शोधही मुळात याच खात्याच्या निबंधमालेत, १९२० च्या दशकात, आकड्यांच्या रुक्ष तक्त्यांसह छापला गेला. त्या वेळी कोणी तो खंड जाडजूड आणि न वाचला जाणारा म्हणून निर्लेखित केला असता, तर त्याची चूक शोधणेही कठीण गेले असते.

आपल्या हातात काय आहे, ते आता सांगते. अभिलेख आणि ग्रंथ यांची गल्लत होऊ देऊ नका. फायलींचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण असते, ‘अ’ म्हणजे कायम, आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ मुळे त्या विहित पद्धतीशिवाय नष्ट करता येत नाहीत. छापील अहवाल मात्र दाखल नोंदवहीतले ‘पुस्तक’ म्हणून गणले जातात आणि फाटके, कालबाह्य असा शेरा मिळून सहज निघून जातात. म्हणून टिप्पणीत लिहावे की ही पुस्तके नसून खात्याची प्रकाशने आहेत, आणि कालबाह्य हा शब्द त्यांना लागू होत नाही, कारण ती जुनी झाल्यामुळेच उपयोगाची झाली आहेत. टिप्पणीला यादी जोडावी : मालेचे नाव, वर्षे, मधली कोणती वर्षे नाहीत, नकाशे सुस्थितीत आहेत की नाहीत. मग ती यादी पुराभिलेख संचालनालयाला आणि ज्या संस्थांकडे तीच माला अपुरी आहे त्यांना पाठवून ‘पंधरा दिवसांत कळवावे’ अशी विनंती करावी. एकाची दुहेरी प्रत दुसऱ्याची तुटलेली माला पुरी करते. कोरेगाव रस्त्यावरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या ग्रंथालयासारख्या ठिकाणी शेती आणि वनांचे जुने अहवाल लागतात, कारण वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्याच्या चिठ्ठीवरचे गाव कोठे होते, हे कळायला त्या काळचा जिल्ह्याचा नकाशाच उघडावा लागतो.

जागेची अडचण खरी आहे आणि ती मी भोगली आहे. यादी होईपर्यंत खंड हलवावे लागले, तर ते सुतळीने बांधू नका. सुतळी कापडी बांधणीच्या कडा कापते. रुंद सुती फीत वापरा. खंड आडवे ठेवा, जमिनीपासून निदान वीतभर उंच, आणि भिंतीला टेकवू नका. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतली किती घरगुती दप्तरे तळमजल्यावर होती म्हणून गेली, हे पुण्यात कोणाला सांगायला नको. गठ्ठ्यावर चिठ्ठी लावताना शाईने लिहू नका, पेन्सिलीने लिहा, आणि चिठ्ठीवर खंडाच्या नावाच्या आधी कपाटाचा जुना क्रमांक घाला, म्हणजे परत लावताना कोणता खंड कोणाशेजारी होता ते कळेल.